बाकीची पोरं कुठं गेली?

दिवाळीच्या सुट्टीत ताईकडे गेलो होतो. तिला स्वयंपाकात माझी मदत नको होती (माझी मदत कुणालाच नको असते, जर्नल लिहून देण्यापुरती सोडली तर), त्यामुळे माझ्यावर एकच काम सोपवण्यात आलं. भाचीला सांभाळणे! वय वर्षे सहा, बॅटरी दिवसभराची. अर्ध्या तासात मी हरलो आणि टीव्हीला शरण गेलो. पण लावायचं काय? मारामारी नको, भुतं नकोत, अशी वरून ऑर्डर होती. तेव्हा मला आठवला 'पिनोकिओ'. डिस्नेचा, तो जुना. मी तिच्याएवढा असताना काकांनी मुंबईहून त्याची डीव्हीडी आणली होती आणि चरे पडून ती अडकायला लागेपर्यंत मी ती पाहिली होती. लाकडाचा बाहुला, खोटं बोललं की लांब होणारं नाक, देवमाशाच्या पोटात अडकलेला म्हातारा... एकदम सेफ. मी छातीठोकपणे ताईला सांगितलं, "अगं, लहान मुलांचाच आहे."

दीड तासाने भाची मजेत होती. घाबरलेला मीच होतो.

तुम्ही म्हणाल, बी.ई.ला आलेला घोडा कार्टून बघून घाबरतो? मित्रांनो, हसू नका. आधी तुम्हाला त्या सिनेमातलं नक्की काय आठवतंय ते स्वतःला विचारा. पैजेवर सांगतो, नाक. आमच्या अख्ख्या विंगमध्ये विचारून पाहिलं, सगळ्यांना नाकच आठवतं. पण नाक लांब होण्याचा प्रसंग संपूर्ण सिनेमात एकदाच येतो, दोन-चार मिनिटांचा. उरलेल्या वेळात काय काय चाललंय ते आपण सोयीस्करपणे विसरून गेलोय.

थोडक्यात सांगतो. जेपेटो नावाचा म्हातारा सुतार एक बाहुला करतो, निळी परी त्याच्यात जीव घालते आणि म्हणते, शूर, खरा आणि निःस्वार्थी हो, म्हणजे तू खराखुरा मुलगा होशील. जिमिनी नावाच्या किड्याला ती याची सदसद्विवेकबुद्धी म्हणून नेमते. दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेत निघतं आणि वाटेतच एक कोल्हा आणि एक बोका त्याला पटवून चक्क विकून टाकतात. स्ट्रॉम्बोली नावाचा बाहुल्यांच्या खेळाचा मालक त्याला पिंजऱ्यात कोंडतो आणि म्हातारा झालास की तुझं सरपण करीन असं सांगून शेजारच्या मोडक्या बाहुल्यांच्या ढिगात कुऱ्हाड फेकतो. त्या ढिगातल्या एका बाहुलीच्या चेहऱ्यावर अजून हसू रंगवलेलं असतं. हे सगळं पहिल्या अर्ध्या भागात! नाक लांब होतं ते या पिंजऱ्यात.

पण हे तरी ठीक. दुष्ट माणूस, कुऱ्हाड, पिंजरा. गोष्टीत राक्षस असायचाच. मला झोप लागली नाही ती त्याच्या पुढच्या भागामुळे.

कोल्हा-बोका एका गुत्त्यात बसलेत. समोर एक गुबगुबीत, लालबुंद गालांचा गाडीवान. तो म्हणतो, मला पोरं हवीत. शाळा बुडवणारी, उनाड पोरं. त्यांना मी 'प्लेझर आयलंड'ला नेतो. हे नाव ऐकून कोल्ह्यालाही घाम फुटतो, कारण पकडलो गेलो तर काय? गाडीवान म्हणतो काळजी नको, ती पोरं परत येतच नाहीत... पोरं म्हणून. आणि हे म्हणताना त्याचा चेहरा एकदम पडदा भरून पुढे येतो आणि क्षणभर सैतानाचा होतो. पोरं विकून खाणारा कोल्हासुद्धा दचकून बोक्याला बिलगतो.

मग गाडी निघते. पोरांनी खचाखच भरलेली, हसत-ओरडत चाललेली. लहानपणी मला ती गाडी फार आवडायची. आता पाहताना एकच गोष्ट दिसली. गाडी ओढतायत गाढवं. ही गाढवं कोण आहेत ते पोरांना माहीत नाही, पिनोकिओला माहीत नाही आणि पहिल्यांदा बघणाऱ्यालाही माहीत नाही. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला मात्र माहीत असतं. मागच्या बॅचने ओढलेल्या गाडीत बसून पुढची बॅच चालली आहे!

बेटावर सगळं फुकट. मिठाई, सिगार, बिअर, मारामारीसाठी वेगळं घर, तोडफोडीसाठी वेगळं सजवलेलं घर. पिनोकिओला तिथं जिवाभावाचा दोस्त मिळालेला आहे, लॅम्पविक. टोपी तिरकी, तोंड फटकळ, मनाने वाईट नाही. दोघं बिलियर्डच्या टेबलाशी बसून सिगार ओढतात. रात्र होते, आवाज बंद होतात. बाकीचे कुठं गेले असं पिनोकिओ विचारतो, लॅम्पविक म्हणतो असतील इथंच कुठंतरी. आणि मग बोलता बोलता लॅम्पविकला गाढवाचे कान फुटतात. शेपूट येतं. त्याला स्वतःला पत्ता नाही, तो पिनोकिओलाच हसतोय. हसता हसता ते हसू खिंकाळण्यात बदलतं. आरशात पाहतो. मग तो पिनोकिओच्या पाया पडतो, वाचव म्हणतो, त्याला धरतो आणि धरलेल्या हातांचे खूर होतात. शेवटची हाक तो आईला मारतो. हे आपल्याला भिंतीवरच्या सावलीतच दिसतं. त्यानंतर खोलीत फक्त एक गाढव उरतं, लाथा झाडत सामान मोडणारं.

हे 1940 साली लहान मुलांसाठी काढलंय! हाताने, एकेक चित्र करून. डिस्नेची ही दुसरीच पूर्ण लांबीची कार्टून फिल्म, 'स्नो व्हाइट'नंतरची. युरोपात महायुद्ध पेटलेलं असल्यामुळे तिकडचा धंदा बुडाला आणि सुरुवातीला सिनेमा तोट्यात गेला. दोन ऑस्कर मिळाली, दोन्ही संगीताची. म्हणजे परीक्षकांनाही गाणंच आठवत होतं म्हणायचं. आपण नाकाचे, ते गाण्याचे.

आता खरी गोम. बेटाच्या मागे धक्का आहे, तिथं काळ्याकुट्ट, चेहरा नसलेल्या हमालांकडून गाढवं खोक्यांत भरली जातायत. खोक्यांवर शिक्के: मिठाच्या खाणीला विकलेली, सर्कशीला विकलेली. गाडीवान एकेकाला पुढे ओढतो आणि नाव विचारतो. जो नुसता खिंकाळतो त्याचे कपडे फाडायचे आणि खोक्यात टाकायचा. एक लहानसं गाढव, डोक्यावर अजून टोपी, ते स्वतःचं नाव सांगतं. म्हणतं, मला आईकडे जायचंय. गाडीवान त्याला उचलून बाजूच्या कोंडवाड्यात फेकतो, कारण ज्याला अजून बोलता येतं तो माल तयार झालेला नाही. त्या कोंडवाड्यात तशी पुष्कळ आहेत. सगळी रडतायत, सगळी माणसांच्या आवाजात.

प्रॉडक्शनवाल्यांनो, नीट बघा. कच्चा माल आत, प्रोसेस, इन्स्पेक्शन, रिजेक्ट वेगळे काढून रीवर्कला, बाकीचं पॅकिंग आणि डिस्पॅच. पेपरात दहा मार्कांना विचारावा इतका स्वच्छ फ्लोचार्ट आहे. इन्स्पेक्शनचा निकषही किती सोपा! नाव सांगता येतं का?

आणि मग पिनोकिओ पळून जातो. फक्त कान आणि शेपूट एवढ्यावर त्याचं निभावतं, किडा वेळेवर येतो, दोघं कड्यावरून समुद्रात उडी मारतात. पुढे देवमासा, सुटका, बापासाठी जिवावर उदार होणं, मरणं, परीच्या कृपेने पुन्हा जिवंत होणं, खरा मुलगा होणं. घरात नाचगाणं. किड्याला सोन्याचा बिल्ला. समाप्त.

अहो, पण ती बाकीची पोरं?

मी रिमोट घेऊन मागे-पुढे करून पाहिलं, काही निसटलं का म्हणून. काही नाही. बेटावर कुणी परत जात नाही. पोलीस येत नाहीत. परी, जिला लाकडात जीव घालता येतो, ती तिकडे फिरकत नाही. गाडीवानाला शिक्षा नाही, धंदा बंद नाही, म्हणजे पुढच्या आठवड्यातही गाडी सुटणारच. लॅम्पविकचं नावही पुन्हा निघत नाही. उलट देवमाशाच्या पोटात बाप-लेकाची भेट होते तेव्हा जेपेटोला पोराचे गाढवाचे कान दिसतात. तो हादरतो. आणि पिनोकिओ काय करतो? हे काहीच नाही, मला शेपूटसुद्धा आहे, असं सांगून हसतो! हसण्यात मधेच खिंकाळणं येतं तेवढंच. ज्या कानांपायी त्याच्या दोस्ताने आईला शेवटची हाक मारली, ते कान बापाला दाखवायची गंमत झाले.

मला वाटतं सिनेमातला सगळ्यात काळा क्षण हा आहे. सावली नाही, कुऱ्हाड नाही, सैतानाचा चेहराही नाही. लहान मुलांना काय दाखवावं यावर मोठी माणसं फार चर्चा करतात. 2022 साली डिस्नेने याच सिनेमाचा खऱ्या नटांचा नवा अवतार काढला तेव्हा बेटावरचे सिगार गेले आणि बिअरच्या जागी रूट बिअर नावाचं साधं सॉफ्टड्रिंक आलं. म्हणजे पोरांची गाढवं झाली तरी चालतील, पण त्यांनी बिअर पिऊ नये! त्याच वर्षी गिलेर्मो देल तोरोने आपला 'पिनोकिओ' काढला, मुसोलिनीच्या इटलीत घडणारा. त्याने गाढवं काढून टाकली आणि बेटाच्या जागी पोरांना युद्धासाठी तयार करणारी छावणी आणली. मला ते जास्त पटलं, कारण त्याने भीती कमी केली नाही, फक्त तिचा पत्ता सांगितला. भीतीला माझा विरोध नाहीच. सहा वर्षांच्या पोराला भीती पेलते. माझ्या भाचीने लॅम्पविकचा प्रसंग लाडू खात पाहिला, फक्त म्हणाली, "मामा, तो गाढव झाला." आणि देवमासा कधी येणार म्हणून विचारलं. मीही तिच्या वयाचा असताना असाच पाहिला असणार. लहानपणी आपण पिनोकिओच असतो ना. गोष्ट आपली, म्हणजे सुटायचे आपणच. बाकीची पोरं म्हणजे मागचा पडदा.

कुतूहल म्हणून मूळ पुस्तक शोधलं. सबमिशनच्या आठवड्यात! कार्लो कोलोदी या इटालियन लेखकाने ही गोष्ट 1881 पासून मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः लिहिली. इंग्रजी भाषांतर वाचलं आणि लक्षात आलं, डिस्नेने पुष्कळच सौम्य केलंय. पुस्तकात तो उपदेश करणारा किडा चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून मारला जातो. पिनोकिओनेच मारलेला! पंधराव्या प्रकरणात कोल्हा आणि मांजर पिनोकिओला ओकच्या झाडाला फाशी देतात आणि लेखकाने गोष्ट तिथंच संपवली होती. वाचक पोरांनी आरडाओरडा केला म्हणून काही महिन्यांनी पुढे सुरू केली. इटली एक देश होऊन तेव्हा जेमतेम 20 वर्षं झाली होती, प्राथमिक शाळा सक्तीची करणारा कायदा 1877 सालचा. शाळा म्हणजे नवी गोष्ट. आणि शाळा नाही तर काय, हे सांगायला लेखकाला कल्पना लढवायची गरज नव्हती. सिसिलीच्या गंधकाच्या खाणींत तेव्हा लहान पोरं पाठीवर माल वाहत होती. इटालियनमध्येही ढ पोराला गाढवच म्हणतात. आपल्याकडे मास्तर म्हणायचे ना, शिकला नाहीस तर गाढवं हाकशील. कोलोदी म्हणतो हाकणार नाहीस, होशील.

पण या कडक म्हाताऱ्याने एक गोष्ट केली जी डिस्नेने केली नाही. तो दोस्ताला विसरला नाही.

पुस्तकात पिनोकिओसुद्धा पुरता गाढव होतो, सर्कशीत लंगडा होतो, कातड्याचा ढोल करायला विकला जातो, कसाबसा सुटतो. शेवटी आजारी बापासाठी पेलाभर दूध मिळवायला एका मळेवाल्याकडे जातो. मळेवाला म्हणतो, शंभर बादल्या पाणी काढून दे. रहाट आजवर माझं गाढव ओढायचं, पण ते आता मरायला टेकलंय. पिनोकिओ गोठ्यात जातो. गाढव उपासमारीने आणि कष्टाने संपलेलं, पेंढ्यावर पडलेलं. हा त्याला गाढवांच्या भाषेत विचारतो, तू कोण? ती भाषा त्याला येते, स्वतः भोगलेली आहे. गाढव डोळे उघडतं, तुटक तुटक आपलं नाव सांगतं आणि मरतं. तोच तो दोस्त. पिनोकिओ मूठभर पेंढा घेऊन डोळे पुसतो. मळेवाला विचारतो, एवढं काय, गाढव माझं होतं, तुला का रडू येतंय? हा म्हणतो, माझ्या शाळेतला मित्र होता. मळेवाला पोट धरून हसतो, की तुझ्या वर्गात गाढवं होती काय? पिनोकिओ शरमतो, काही बोलत नाही. दूध घेऊन घरी जातो.

मेलेल्या दोस्ताचा रहाट ओढून मिळवलेलं दूध. इथं मी पुस्तक मिटलं.

आता एक सांगतो, जे खरं तर या लेखात यायला नको होतं. फर्स्ट इयरला हॉस्टेलवर माझा एक रूम पार्टनर होता. आमच्याच तालुक्यातला. टपरी त्याने दाखवली, रात्री दीडला मिळणारी भुर्जी त्याने दाखवली, मला टायफॉइड झाला तेव्हा मेसचा डबा चार मजले चढून रोज त्यानेच आणला. लेक्चर दोघांनी मिळून बुडवले, अगदी सारखे, हवं तर रजिस्टर तपासा. निकाल लागला. मी रीव्हॅल्युएशनमध्ये एम-वनला दोन मार्कांनी सुटलो आणि सेकंड इयरला गेलो. तो नाही सुटला. वाय.डी. नियमाप्रमाणे त्याला रूम मिळाली नाही. तो ट्रंक घेऊन गेला त्या दिवशी मी वर्कशॉपचा जॉब पूर्ण करत होतो. पुढच्या वर्षी पुन्हा अडकला आणि मग यायचाच बंद झाला. ग्रुपवरून तो गेला तेव्हा 'लेफ्ट' एवढंच आलं, कुणी काही लिहिलं नाही. मीही नाही. बॅकलॉगचे विनोद मात्र मी आजही छान सांगतो. माझे कान, माझं शेपूट. सगळे हसतात.

या वर्षी प्लेसमेंटची बातमी आली त्या आठवड्यात आम्ही चौघं गावाकडे निघालो होतो. एस.टी. स्टँडबाहेर तो भेटला. चुलत्याच्या टेम्पोवर असतो आता. अंगाने भरलाय, बरा दिसत होता. (आणि हे स्पष्ट सांगतो, टेम्पो चालवणं म्हणजे गाढव होणं नाही. आमच्यापैकी दोघांना जो पगार मिळणार आहे तो ऐकून तो नुसता हसला.) त्याने लांबून हाक मारली, नावाने. फर्स्ट इयरला ठेवलेल्या नावाने. चौघांचा चहा त्यानेच पाजला. तो पैसे द्यायला वळला तेव्हा एकाने मला विचारलं, "कोण रे हा?"

मी म्हणालो, "गावाकडचा आहे, ओळखीचा."

त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. स्टँडवर गोंगाट होता.

त्या रात्री ताईकडे भाचीला देवमासा पुन्हा बघायचा होता. मी सिनेमा मागे नेत होतो, नेता नेता जरा जास्तच मागे गेला आणि धक्क्यावरचं ते टोपीवालं गाढव पडद्यावर आलं. मी घाईघाईत पुढे न्यायला लागलो. भाचीने माझा हात धरला. म्हणाली, "थांब ना मामा, त्याचं नाव काय म्हणाला तो?"

अलेक्झांडर. मी तिला सांगितलं.